डोळे मिटल्याची नोंद

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात एकच खुर्ची अशी बनवली, की जिच्यातून उठायला बसणाऱ्याला दुसऱ्याचा हात लागावा. आणि नेमके त्याच खुर्चीत ते गेले अठरा दिवस अडकून पडले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करणार?

धंदा सोफ्यांचा. खाली कारखाना, वर दोन खोल्यांचं घर, मधे लाकडी जिना. चाळीस वर्षं मिस्त्रींनी लोकांच्या बुडाखाली स्प्रिंगा, काथ्या आणि फोम भरला. ही खुर्ची त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी हौसेनं केलेली. झालं असं, की एका गिऱ्हाइकानं बाजारातली मागे कलणारी खुर्ची दुरुस्तीला आणली होती. तिची स्प्रिंग चिमटीत धरून मिस्त्री आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते, म्हणे ही तर पेनातली स्प्रिंग, माणूस काय शाईचा आहे का? मग इरेला पेटून त्यांनी स्वतःची खुर्ची केली आणि तिच्यात ट्रकच्या सीटची स्प्रिंग घातली. उजव्या हाताशी लोखंडी दांडा. दांडा वर खेचला की पाठ उभी होणार, दाबला की मागे जाणार. काम चोख होतं. फक्त तो दांडा खेचायला हात मिस्त्रींचाच लागायचा. तीन गिऱ्हाइकांनी बसून पाहिली, तिघांना मिस्त्रींनी बखोटीला धरून बाहेर काढलं, आणि शेवटी खुर्ची वरच्या खोलीत आली ती आलीच.

आता मिस्त्रींच्या छातीचं हाड मधोमध कापून, आत काळजाच्या तीन नळ्यांना नव्या वाटा काढून, ते हाड पुन्हा पोलादी तारेनं आवळून बांधलेलं होतं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, की आठ आठवडे काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. उताणं झोपायचं, पाठ जरा उंच ठेवून. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे झोप. घरात तशी काही सोय आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा लेक पटकन म्हणाली, आहे ना, बाबांनी स्वतः बनवलेली खुर्ची आहे. मिस्त्री तेव्हा चांगले शुद्धीवर होते, तरी त्यांना त्यातला धोका कळला नाही. उलट अभिमानानं छाती फुगली, आणि फुगताना दुखली.

लेक खालून वर यायची, खुर्चीच्या पायावर पाय रोवून दोन्ही हातांनी दांडा खेचायची, तेव्हा मिस्त्री उभे व्हायचे. लेक खाली गेली की मिस्त्री आडवे. बायकोच्या एकटीच्या हाताला दांडा दाद देत नसे. खोकला आला तर छातीशी कवटाळायला एक उशी दिलेली होती, ती मांडीवर. समोर भिंत, भिंतीवर खिडकीतून आलेल्या उन्हाचा चौकोन. तो सकाळी कपाटापाशी असे आणि संध्याकाळी दाराच्या कडीपर्यंत पोचून विझे. मिस्त्रींचा दिवसभराचा प्रवास तेवढाच.

घरातली माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण इथं सगळी मायेची कोंडी. बाबांना आराम हवा म्हणून लेकीनं कारखान्यातलं शिवणमशीन बंद ठेवलं होतं. जाड रेक्झिन ती दाभणानं हातानं शिवत बसायची आणि चुका-खिळे ठोकताना हातोडीला फडकं गुंडाळायची. गिऱ्हाईक आलं की जिन्याखाली कुजबुज. मिस्त्रींना त्या शांततेनं गुदमरायला व्हायचं. चाळीस वर्षं दुपारचं जेवण झालं की ते कारखान्यातच जुन्या फोमच्या ढिगावर डाव्या कुशीवर वीस मिनिटं पडत. वामकुक्षी म्हणतात ती, अगदी शब्दशः. डोक्याशी मशीन खडखडत असे, कुणी चुका ठोकत असे, आणि मिस्त्री असे घोरत की गिऱ्हाईक विचारायचं, आत दुसरं मशीन चालू आहे का? आता डावी कूस बंद, मशीन बंद आणि झोपही बंद.

पण झोप न येण्याचं खरं कारण ना खुर्ची होती, ना शांतता. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलात त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक पोस्टमन होता. निवृत्त झालेला, बोलका, त्याच्याही छातीला तीच तार. दोघांची दोस्ती टाक्यांवरून जमली. सहाव्या दिवशी आरशात आपली छाती पाहून मिस्त्रींनी डॉक्टरांना सांगितलं होतं, की टाका सरळ आहे, अंतरही सारखं आहे, फक्त शेवटची गाठ मी असतो तर आत लपवली असती. पोस्टमन त्यावर इतका हसला, की नर्स उशी घेऊन धावत आली. मग तो म्हणाला, माझेही तपासा. मिस्त्रींनी तपासले आणि पास केले. त्याच रात्री दिवे मंद झाल्यावर पोस्टमन हळूच म्हणाला, की त्याला डोळे मिटायची भीती वाटते. ऑपरेशनच्या वेळी काळीज थांबवून ठेवलं होतं म्हणे. मग आता झोपेत ते आपलं आपण थांबलं तर कुणाला कळणार? मिस्त्री तेव्हा मोठे शूर. त्यांनी सांगितलं, "झोपा बिनघोर. मी जागा आहे." पोस्टमनला बरं वाटलं, तो झोपला. आणि औषधाच्या गुंगीत पाच मिनिटांत मिस्त्रीही झोपले. सकाळी जाग आली तेव्हा शेजारच्या खाटेवर कोरी चादर होती, इतकी ताणून बसवलेली की एक सुरकुती नव्हती. नर्स म्हणाली, त्यांना दुसरीकडे हलवलं. मिस्त्रींनी आयुष्यभर गिऱ्हाइकं पाहिली होती. कोण खरं बोलतंय आणि कोण नाही, ते त्यांना चेहऱ्यावरून कळत असे.

तेव्हापासून मिस्त्रींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. अगदीच नाही असं नव्हे. माणूस इतके दिवस बिनझोपेचा राहत नाही, हे आम्हालाही कळतं. पेंग यायची, मान कलायची. पण आत कुणी हाक मारल्यासारखं होई आणि ते दचकून जागे होत, काळीज धडधडत असे, तारेच्या जागी कळ येई. त्यांना मरणाची भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाज वाटत होती. आणि दिलेला शब्द आपण पाच मिनिटंही पाळला नाही, हे मनातून जात नव्हतं ते नव्हतंच.

त्यात बायको. बाई बसडेपोत टाइमकीपर होत्या, तीस वर्षं. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, ते फाटकाजवळच्या खोलीत बसून वहीत लिहायचं, हे काम. त्यांचा नियम एकच, डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं, कानांवर आलेलं नाही. एकदा खुद्द डेपो मॅनेजर तासभर उशिरा आलेल्या गाडीतून उतरले आणि म्हणाले, वेळेवर आली असं लिहा. बाईंनी उशीर लिहिला, आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात, वेळेवर लिहा असं कोण म्हणालं तेही लिहिलं. अशा बाईच्या हातात लेकीनं कोरी वही दिली, वर सुबक अक्षरात ‘झोपेची वही’ असं घातलं, आणि सांगितलं, आई, डॉक्टरांना दाखवायला बाबांच्या झोपेच्या वेळा लिहून ठेव. मग काय विचारता. बाईंनी रकाने आखले, खुर्चीशेजारच्या खाटेवर बैठक मारली आणि घड्याळ समोर मांडलं.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपा. मी जागी आहे."

मिस्त्रींनी मांडीवरची उशी छातीशी ओढली. जवळजवळ तेच शब्द. बाईंना काय ठाऊक? त्या मायेनंच म्हणत होत्या, आणि पुढे रोज म्हणू लागल्या. मिस्त्रींनी पाहिलं, की आपण टक्क जागे असलो की ही पाठ टेकत नाही. दोन दिवसांत तिचे डोळे सुजले. शिवाय लेक झोपेच्या गोळीचं काढू लागली. आणि गोळी म्हणजे पुन्हा ती गुंगी, जिच्यातून बाहेर यायचं आपल्या हातात नाही. तेव्हा मिस्त्रींनी सोंग घेतलं.

सोंगही कारागिराचं. पापणी फडफडू द्यायची नाही, जबडा सैल, ओठ किंचित उघडे, श्वास लांब, बोटं अर्धवट मिटलेली. त्यांना वाटलं, आता तरी बायको आडवी होईल. कसलं काय! हे डोळे मिटायचे आणि बाई वहीत वेळ लिहायच्या. हे डोळे उघडायचे आणि बाई वहीत वेळ लिहायच्या. मधले दोन-तीन तास मिस्त्री मिटल्या डोळ्यांमागे काळजाचे ठोके मोजत पडलेले. नाकाला खाज आली तरी खाजवायची सोय नाही. जागं असताना निदान उन्हाचा चौकोन दिसायचा, आता तोही गेला. आगीतून निघून फुफाट्यात पडावं तसं झालं, आणि तिथं ते आपल्या पायांनी चालत गेले होते.

शुक्रवारी तपासणी होती. लेकीनं गाडी बोलावली, दोघींनी मिस्त्रींना जपून नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली, ती छान भरत होती. रक्तदाब पाहिला, तो चढलेला. वजन पाहिलं, ते उतरलेलं. डोळ्यांखाली काळं. झोप कशी आहे, असं विचारल्यावर लेकीनं मोठ्या तोऱ्यात वही पुढे केली. डॉक्टर कडेला पेन्सिलीनं बेरीज करत गेले, पानं उलटत गेले, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. रोजचे तेरा तास. कधी चौदा.

"इतकं झोपून माणूस असा दिसत नाही," ते म्हणाले. "कुठंतरी काहीतरी चुकतंय. सोमवारी सकाळी दाखल व्हा. आठवडाभर ठेवून सगळ्या तपासण्या करू."

त्याच मजल्यावर का, असं मिस्त्रींनी विचारलं. हो, तिथंच, नर्सही ओळखीच्या आहेत, तुम्हाला बरं पडेल, असं उत्तर आलं. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर ती कोरी चादर आली. खरं सांगावं तर इतके दिवस सगळ्यांना फसवलं हे सांगावं लागणार, आणि का फसवलं तेही. न सांगावं तर सोमवारी ती खाट. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी बायकोकडे पाहिलं. एरवी कुणाचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तरी गप्प न बसणाऱ्या बाई मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

घरी आल्यावर लेकीनं त्यांना खुर्चीत बसवलं, पाठ मागे नेली आणि डोळे पुसत खाली गेली. आपल्याकडून देखभालीत कसूर झाली, असं त्या पोरीनं मनाला लावून घेतलं होतं. मिस्त्रींना तिचा तो चेहरा बघवला नाही. बाई गोळ्यांच्या पाकिटांची उगाच लावालाव करत होत्या.

"वही दे जरा," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी निमूटपणे दिली. परत आलेल्या सोफ्याचा कुठला टाका उसवला ते बघावं, तशी मिस्त्रींनी ती पहिल्या पानापासून बघायला घेतली. आपलं सोंग कुठं जास्त झालं, हे त्यांना पाहायचं होतं. रकाने सरळ होते, अक्षर टपोरं. पहिल्या रकान्यावर तारीख. दुसऱ्यावर ‘डोळे मिटले’. तिसऱ्यावर ‘डोळे उघडले’. चौथा शेऱ्याचा. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘उजवा हात हलला.’ खाली, ‘दोनदा गिळलं.’ दुसऱ्या दिवशी, ‘कपाळावर घाम, पुसला, तरी डोळे मिटलेले.’ मग, ‘खाली चुकांचा डबा पडला, पापणी हलली.’ अशी अठरा दिवसांची पानं. मिस्त्रींनी ती पुन्हा पहिल्यापासून चाळली. वहीत झोप हा शब्द कुठंही नव्हता. होता तो फक्त वरच्या पुठ्ठ्यावर, लेकीच्या अक्षरात.

"यात झोप कुठंच नाही," ते म्हणाले.

"नव्हतीच. दिसलं नाही ते मी कसं लिहू?"

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"अडतीस वर्षं शेजारी झोपतेय. तुम्ही झोपलात की शेजारपाजारच्यांना कळतं. आणि इथं बघावं तर श्वासाचा आवाज नाही. चोर दडून बसावा तसे पडला होतात."

मग बोलली का नाहीस, असं मिस्त्रींनी विचारलं. बाईंनी खाटेवरची चादर हातानं सरळ केली. ही त्यांची सवय; बोलायचं जड झालं की हात चादरीकडे जायचा.

"झोपलेल्याला उठवता येतं हो. सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. डॉक्टरांसमोर तुम्हाला उघडं पाडायचं जिवावर आलं. पण सोमवारी तुम्हाला परत तिथं सोडून यायचंही माझ्यात बळ नाही. आता तुम्ही सांगा."

मिस्त्रींनी सांगितलं. छताकडे बघतच सांगितलं, कारण बायकोकडे वळायची सोय नव्हती, आणि नव्हती तेच बरं होतं. पोस्टमन, त्याचे टाके, त्याचं हसणं, त्याची भीती. मग ते अडखळले.

"मी जागा आहे म्हणालो त्याला," ते म्हणाले. "आणि झोपलो. आता डोळे मिटले की वाटतं, मीही तसाच जाणार, आणि कुणाला कळणारही नाही. भीती वाटते गं मला."

हे बोलताना त्यांना रडू फुटलं. रडण्यानं तार ओढली गेली, तशी त्यांनी उशी कवटाळली आणि तिच्या आडून रडून घेतलं. बाई उठून त्यांच्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

"आणि मी रोज तेच..." त्या म्हणाल्या.

त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. पदरानं मिस्त्रींचा चेहरा पुसला, जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि लेकीला हाक मारून म्हणाल्या, मशीन चालू कर. खालून कुजबुजत उत्तर आलं, अगं आई, बाबांना झोपू दे ना. बाई म्हणाल्या, झोपत नाहीत म्हणूनच सांगतेय, चालव.

मग मशीन एकदा खाकरलं, थांबलं, आणि अठरा दिवसांनी सुरू झालं. आवाज जमिनीतून वर आला, खुर्चीच्या पायांतून चढला आणि त्या अघोरी स्प्रिंगेत येऊन बारीक थरथरत राहिला. लेक सोफ्याची खोळ शिवत होती. लांब सरळ शिवण, मग थांबा, कोपरा वळला, पुन्हा लांब शिवण. मिस्त्रींना पाठीला ते कळत होतं.

बाई खाटेवर येऊन बसल्या. वही मांडीवर, पेन हातात.

"मी जागी आहे असं आज म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "मी नुसती बसते."

त्या बसल्या, आणि पाच मिनिटांत त्यांची मान पुढे आली. पेन घरंगळत खाली गेलं. मग त्या तशाच एका बाजूला उशीवर कलंडल्या, पाय जमिनीवरच राहिले. मिस्त्रींनी मान वळवता येईल तेवढी वळवून पाहिलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना बायको नीट दिसली. गाल बसले होते. घोटे सुजले होते. दहा दिवस हॉस्पिटलच्या बाकावर आणि अठरा दिवस या खाटेवर, हिनं पाठ अशी टेकलीच नव्हती. आपण आपल्याच कोंडीचं रडगाणं गात बसलो आणि आपल्या शेजारी आणखी एक जण कोंडलेली होती, हे आपल्याला दिसू नये, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

तिचे पाय उचलून खाटेवर ठेवावेत, एवढंच त्यांना करायचं होतं. हात दांड्याकडे गेला. नुसती मूठ आवळली तशी छातीत तार बोलली, म्हणून तो त्यांनी मागे घेतला. लेकीला हाक मारावी तर मशीनच्या आवाजात तिला ऐकू जाणार नव्हतं, आणि बायको मात्र जागी झाली असती. करण्यासारखं काहीच नव्हतं. मिस्त्री पुन्हा एकदा पहाऱ्यावर होते, आणि या वेळी शेजारी त्यांची बायको होती.

ते तिचे श्वास मोजू लागले. एक आला, गेला. मग मधे जागा. मग दुसरा. पंचविसाव्यानंतर ती जागा इतकी लांबली, की मिस्त्रींनी ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाई घोरल्या. चांगल्या खणखणीत घोरल्या. बाई घोरतात हे मिस्त्रींना अडतीस वर्षांत ठाऊक नव्हतं, कारण त्यांचं स्वतःचं घोरणं नेहमी आधी सुरू होत असे.

ते मोजत राहिले. मधेच खाली कोपरा वळला, त्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि आकडा चुकला. दचकून त्यांनी पाहिलं, तर पुढचा श्वास आपला आपण येऊन गेला होता. तो त्यांच्या मोजण्याची वाट बघत थांबला नव्हता. मिस्त्री बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. पोस्टमनचा श्वास थांबायचा होता तो ते टक्क जागे असते तरी थांबला असता. ते नर्सला हाक मारू शकले असते, ती धावत आली असती, पण त्याच्या वाटचा श्वास काही त्यांना घेता आला नसता. ही गोष्ट कुणी समजावून सांगितली असती तर मिस्त्रींनी त्यालाच चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावल्या असत्या. आता समोर बायको घोरत होती, खाली मशीन चालू होतं, आणि ते पुन्हा एकपासून मोजत होते. चौऱ्याऐंशीपर्यंत मोजल्याचं त्यांना आठवतं.

डोळे उघडले तेव्हा उन्हाचा चौकोन दाराच्या कडीपाशी होता. मशीन बंद. घरात चिडीचूप. मिस्त्रींनी मान वळवली. खाट रिकामी होती. चादर ताणून बसवलेली, तिच्यावर एक सुरकुती नव्हती.

आपण पुन्हा झोपलो. पुन्हा शब्द... या वेळी तर शब्दही दिलेला नव्हता, तरी झोपलो. त्यांनी दांड्याला हात घातला, छातीत कळ उठली, आणि तेवढ्यात खालून बाईंचा आवाज आला. त्या लेकीला सांगत होत्या, की शिवणीत दोरा सैल पडलाय, आणि बाबा उठायच्या आत उसवून नीट कर, नाहीतर खाली उतरतील त्या दिवशी पहिलं तेच बघतील.

मिस्त्री हसले. इतके हसले, की उशी घेऊन छाती धरावी लागली. ते हसणं ऐकून दोघी धडपडत वर आल्या. लेकीनं पाय रोवून दांडा खेचला आणि मिस्त्री उभे झाले. त्यांच्या गालावर खुर्चीच्या शिवणीचा वळ उमटला होता.

"किती वेळ झोपलात?" बाईंनी विचारलं.

"मला काय विचारतेस? वही तुझ्याकडे."

बाई जरा ओशाळल्या. "मलाही लागली होती," त्या म्हणाल्या. "उठले तेव्हा तुम्ही घोरत होता. कधीपासून, ते नाही पाहिलं. मग मी खाली गेले. तुम्ही उठलात कधी, तेही नाही पाहिलं."

लेक म्हणाली, चांगले तीन तास असतील. आपलं मशीन थांबवलं तरी वर दोन मशिनं चालूच होती, खाली सगळं ऐकू येत होतं. तीन तास लिही आई, डॉक्टरांना बरं वाटेल.

"ऐकीव मी लिहीत नाही," बाई म्हणाल्या. मग मिस्त्रींकडे वळून त्यांनी सांगितलं, की सोमवारी ही वही दाखवायची, आणि वहीत नाही ते सगळं, पोस्टमनपासून, तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं. मिस्त्रींनी एकदा खाटेवरच्या त्या सरळ चादरीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

बाई खाटेवर बसल्या. वाकून जमिनीवरचं पेन उचललं, वही उघडली. तारीख घातली. ‘डोळे मिटले’ खाली एक रेघ ओढली, ‘डोळे उघडले’ खाली दुसरी. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं. तीस वर्षांच्या नोकरीत कुणा टाइमकीपरनं असं काही लिहिलं असतं तर बाईंनीच त्याची पहिली तक्रार केली असती. मग त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत वही मिस्त्रींच्या समोर धरली.

‘नोंद घेणारी झोपली होती.’